भाकड पिशवी

सातव्या भोकावर हल्ला झाला तो भर सकाळी, पाळी बदलायच्या वेळेला. घण मिस्त्री नुकताच भोक पाडायच्या यंत्रावर चढला होता. खाली त्याचा जोडीदार रॉडच्या आट्यांना ग्रीस लावत बसला होता आणि सवयीप्रमाणे बडबडत होता, की या यंत्राचे जेवढे लाड होतात त्याच्या निम्मे आपले सासरी झाले असते, तर आपण इथे जंगलात कशाला मरायला आलो असतो. घण हसला. हसता हसताच त्याला नाल्याच्या बाजूने माणसं येताना दिसली. पन्नास तरी असतील. हातात पहारी, कुदळी, काहींच्या हातात नुसते दगड. कोणी ओरडत नव्हतं. आरडाओरडा करत आली असती तर भीती घालायला आलीत असं समजता आलं असतं.

जोडीदार उठून उभा राहिला. ग्रीसने माखलेले दोन्ही हात त्याने वर केले आणि म्हणाला, "अरे बाबांनो, काय हवंय ते बोला तरी."

सगळ्यांत पुढे जो होता त्याने काही बोलायचे कष्ट घेतले नाहीत. उंच, वाळका, उजव्या खांद्यावर पहार. ती त्याने खांद्यावरून तशीच उचलली आणि लाकूड फोडावं तशी खाली आणली. घण तेव्हा दहा पावलं लांब होता. यंत्राची शिडी उतरायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात जोडीदार खाली पडला होता आणि त्याच्या अंगावरून माणसं पुढे गेली होती. घणाने एकाचा जबडा मोडला, दुसऱ्याला उचलून चिखलपाण्याच्या हौदात टाकलं. मग पाठीत काहीतरी बसलं आणि तोंडात माती आली. जाग आली ती जीपमध्ये. शेजारी जोडीदाराला झोपवलं होतं. शहर यायच्या आधीच तो गेला.

घणाला घण म्हणायचे ते त्याच्या मुठीवरून. सव्वीस वर्षं तो जमिनीला भोकं पाडत होता. हिऱ्याचे दात असलेली पोकळ नळी फिरवत फिरवत खाली घालायची, वरून पाणी सोडायचं, आणि नळीच्या पोटात जी दगडाची लांब कांडी येते ती वर काढून पेटीत ओळीने लावून द्यायची. कांडी काकडीएवढी जाड. तिच्यात काय आहे ते बघणं इतरांचं काम. हा सगळा पट्टा हिरवट काळ्या दगडाचा होता. मधूनमधून पांढऱ्या गारगोटीच्या शिरा. शिरेत कधी सोनं असतं, बहुधा नसतं. बाजूच्या दगडात पितळेसारखी चमक दिसली तर तांबं, काळपट चमक दिसली तर जस्त. सहा भोकं झाली. तांबं थोडं, जस्त थोडं, सोनं नावालाही नाही. तंबू गुंडाळायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, तेवढ्यात प्रयोगशाळेतून सातव्या भोकाचा कागद आला आणि त्यात सोनं निघालं. थोडंथोडकं नाही, भरपूर. वरून फोन आला, एक वर्ष काम वाढलं, पगार वाढला, सातव्याच्या शेजारीच आठवं भोक सुरू झालं. ड्रायव्हर लोक शेडसमोर नाचले. आणि नाल्यापलीकडे जे खड्डेवाले वर्षानुवर्षं पहारीने खणून पाटीत माती धुवत पोट भरत होते, त्यांच्या कानावर ती बातमी जायला आठवडाही लागला नाही.

जोडीदाराला त्याच्या गावी पोचवून घण परत आला. संध्याकाळी सगळे जेवायच्या तंबूत होते. तो आत आला, बसला नाही.

"ज्याने ही सोन्याची बातमी पलीकडे पोचवली," तो म्हणाला, "त्याची मान मी या हातांनी मोडणार. जो असेल तो. आत्ताच सांगून ठेवतो, मागून कोणी पाया पडायला यायचं नाही."

त्याची ताई स्वयंपाकाच्या चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आधी जेव. रिकाम्या पोटी मानाबिना मोडू नकोस." कोणी हसलं नाही. ताईचा नवरा, घणाचे दाजी, शेडमध्ये कांडी चिरायचं काम करायचे; ते समोरच्याच बाकावर होते. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

पोलीस आले, लिहून घेतलं, जास्त माणसं घेऊन येतो म्हणून गेले. त्याला अकरा दिवस झाले. सातव्या भोकाभोवती खड्डेवाल्यांनी घर मावेल एवढा खड्डा केला होता. दिवसभर पहारींचा आवाज तंबूपर्यंत यायचा. घण तो आवाज ऐकत बसायचा आणि मुठी आवळायचा.

बाराव्या दिवशी भूगर्भवाल्या बाई आल्या. आईच्या ऑपरेशनसाठी त्या दीड महिना रजेवर होत्या. आल्या आल्या त्यांनी घणाला बोलावलं. टेबलावर कागद पसरले होते.

"बसा, मिस्त्री."

"उभाच बरा आहे."

"बरं, उभे राहा. बातमी कोणी फोडली ते मला ठाऊक नाही. पण बातमीच खोटी होती."

घणाने स्टूल ओढलं आणि बसला.

"आपण कांडी उभी चिरतो, अर्धी पेटीत ठेवतो, अर्धी पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवतो. बरोबर? आता दर वीस पिशव्यांत मी एक भाकड पिशवी घालते."

"भाकड म्हणजे?"

"ज्या दगडात काहीही नाही हे मला आधीच माहीत असतं, तसा दगड. रस्त्याच्या खडीच्या खाणीतून आणलेला. पिशवी तीच, तिकीटही तसंच. तपासणारे चोख काम करतात की नाही ते कळायला. कुठली पिशवी भाकड ते फक्त माझ्या वहीत असतं." बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. "सातव्या भोकाच्या अकरा पिशव्यांत सोनं निघालं. ओळीने अकरा. त्यातली ही एक भाकड आहे. या भाकडीने दूध दिलंय, मिस्त्री."

"तिकडेच सांडलं असेल काही."

"मीही तेच म्हणाले. वरच्या लोकांनी मोठा आकडा पाहिला आणि बाकीचा कागद वाचलाच नाही. मी इकडे येताना प्रयोगशाळेत थांबून तो वाचला. मग उरलेली भुकटी तिथेच भिंगाखाली बघायला लावली. सोन्याचे कण वळलेले आहेत, कानशीने घासून काढल्यासारखे. आणि त्यात तांबं आहे. दागिन्यात मिसळतात तेवढं."

तंबूच्या बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं. बाईंनी कागद गोळा केले.

"पिशव्या बांधून मी रजेवर गेले. त्या चार दिवस शेडमध्ये होत्या. शेडच्या किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये होती. उद्या मी हे वर कळवणार आहे. तुम्हाला आज सांगितलं, कारण तुमचा जोडीदार गेला."

नाव त्यांनी घेतलं नाही. गरजही नव्हती.

घण बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यात जोडीदार नव्हता, बांगड्या होत्या. दोन सोन्याच्या बांगड्या. आई गेल्यावर ताईने त्याला वाढवला होता, आणि कामाला लागल्यावर पहिल्या तीन वर्षांच्या पगारातून त्याने तिला त्या केल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्या ताईच्या ट्रंकेतून गेल्या. संशय आला पाण्याच्या टँकरवाल्यावर. घणाने त्याचे पुढचे दोन दात पाडले होते. तो माणूस रक्त थुंकत देवाच्या शपथा घेत होता, आणि दाजी मागून घणाला धरून म्हणत होते, "पुरे रे, पुरे. गेलं ते गेलं."

शेडमध्ये दाजी कांडी चिरत होते. करवतीचं पातं फिरत होतं, पाण्याचा चिखल त्यांच्या ॲप्रनवर उडत होता. घणाने बटण दाबून यंत्र बंद केलं. पातं हळूहळू थांबलं.

"काय रे? चहा झाला का?" दाजींनी कानातले बोळे काढले. मग त्यांनी घणाचं तोंड पाहिलं. हातातली कांडी त्यांनी अगदी सावकाश खाली ठेवली. "बाई आल्या म्हणे."

"ताईच्या बांगड्या कुठे आहेत, दाजी?"

दाजी उत्तर द्यायच्या आत पहिला ठोसा बसला. ते मागच्या मांडणीवर आदळले आणि पेट्यांची अख्खी रांग त्यांच्या अंगावर आली. दगडाच्या कांड्या खडखडत जमिनीवर पसरल्या. सहा महिन्यांचं काम होतं ते, खोलीप्रमाणे आकडे टाकून लावलेलं. घणाने त्यांना कॉलरला धरून त्या ढिगाऱ्यातून ओढून काढलं आणि परत मारलं. नाक फुटलं. दाजी हात वर करत नव्हते, त्याने तो जास्तच पेटला.

"हात उचल! उचल म्हणतो ना!"

"मार," दाजी नाकातलं रक्त गिळत म्हणाले. "पण मी पलीकडे नाही सांगितलं रे कोणाला. आईशप्पथ."

"सांगायला काय लागतं? शेडसमोर बँड लावायचा बाकी ठेवला होता लोकांनी!"

"मला वाटलं सहा महिने तरी काम चालेल. तेवढ्यात खरंच काही लागेल. आठव्या भोकात तांबं चांगलं लागतंय, बघ तू, बाईंना विचार. फक्त कोणी थांबायला तयार नव्हतं. तुझं यंत्र विकायला काढणार होते, माहीत आहे तुला? ताईची चूल, माझी करवत, सगळं बंद. या वयात मला कोण ठेवणार होतं?"

"माणूस मेला माझा!"

"हो," दाजी म्हणाले. "रोज रात्री मरतो तो. माझ्याही उशाशी."

घणाच्या हातात कांडी आली होती. हातभर लांब, काळ्या दगडाची, दोन किलो तरी वजन. त्याने ती वर उचलली. खाली दाजींचं डोकं होतं, केस विरळ झालेलं, कानाजवळ चिखल लागलेलं. एका फटक्याचं काम होतं. त्याने कांडी भिंतीवर फेकली. तिचे तीन तुकडे झाले.

"चल."

"कुठे?"

"तुझं सोनं बघायला."

शेडपासून सातवं भोक एक किलोमीटरवर. घणाने वाटभर दाजींची कॉलर सोडली नाही. दाजी दोनदा अडखळून पडले, दोन्ही वेळा त्याने त्यांना पोतं उचलावं तसं उचलून उभं केलं. स्वयंपाकाचा तंबू दुसऱ्या अंगाला होता, ताईला काही दिसायचं कारण नव्हतं.

"घणा, ते मला मारतील."

"मारतील."

दाजी पाय ओढत चालत राहिले. घणाच्या मनातलं उघडं पडलं होतं, आणि आपल्याच तोंडून ते ऐकून त्याला बरंही वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. जोडीदाराला ज्यांनी मारलं त्यांना कळावं की कशापायी मारलं. आणि ज्याने हे सुरू केलं त्याचं काय करायचं ते त्यांनी करावं. ताईच्या पुढे हात तरी स्वच्छ दाखवता येतील.

खड्ड्याच्या काठावर तीस-चाळीस माणसं होती. काही खाली खणत होती, काही घमेल्याने माती वर देत होती. बाजूला पाण्याच्या डबक्यात एक म्हातारी उकिडवी बसून लाकडी पाटी गोल गोल हलवत होती. पाण्याबरोबर माती वाहून जायची, ती तळाला निरखून बघायची आणि पाटी रिकामी करायची. दोन माणसं येताना दिसली तशी कामं थांबली. जोडीदाराला मारणारा तो उंच, वाळका पहारवाला काठावर बसून बिडी ओढत होता. तो उठला.

"काय मिस्त्री, पोलीस संपले की काय तुमचे? दोघंच आलात?"

"याचं ऐकून घ्या," घण म्हणाला आणि दाजींना पुढे ढकललं. "बोल."

दाजी गुडघ्यांवर पडले होते. तसेच बोलले. पिशव्या, कानस, बांगड्या, चिमूट चिमूट भुकटी. काही लपवलं नाही. खड्ड्यातले लोकही वर येऊन ऐकू लागले.

पहारवाला मोठ्याने हसला. "वा! कंपनीने चांगली गोष्ट शिकवून पाठवलीय. आता आम्ही घरी जायचं, आणि उद्या तुम्ही यंत्र लावायचं!"

दोघंचौघं त्याच्याबरोबर हसले. पण डबक्यातली म्हातारी पाटी बाजूला ठेवून उभी राहिली.

"खरं बोलतोय तो," ती म्हणाली.

"तू गप, आजी."

"चाळीस वर्षं पाटी हलवतेय मी. इथे अकरा दिवसांत डोळ्यात घालायलाही कण दिसला नाही. पहिल्या दिवसापासून सांगतेय, ही माती मुकी आहे. पण माझं ऐकतो कोण!" तिने कमरेवर हात ठेवले. "परवा माझ्या भाच्याच्या पायावर दरड आली. पाय गेला त्याचा. कशासाठी? बायकोच्या बांगड्यांसाठी?"

आता कोणी हसत नव्हतं. एक माणूस पुढे आला आणि त्याने दाजींच्या कुशीत लाथ घातली. दुसऱ्याने फावड्याचा दांडा त्यांच्या खांद्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज घणाला स्पष्ट ऐकू आला. तिसरा फटका तोंडावर बसला. दाजी आडवे झाले. घण दोन पावलं बाजूला सरकून उभा होता. हात लोंबत होते. हेच तर हवं होतं. त्याला काही करायचंच नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं.

मग पहारवाला माणसं बाजूला सारत आला. आपण खोटे पडलो हे त्याला सगळ्यांत आधी कळलं होतं, आणि लोकांची नजर आपल्याकडे वळायच्या आत त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. त्याने पहार दोन्ही हातांनी उजव्या खांद्यावरून उचलली.

घणाने विचार केला नाही. त्याचं अंगच आधी गेलं. पहार खाली आली ती त्याच्या डाव्या हातावर, आणि कोपराखालचा हात भलत्याच जागी वाकला. वेदना अजून पोचायची होती. उजव्या मुठीने त्याने पहारवाल्याच्या गळ्याखाली एकच ठोसा दिला. आयुष्यात इतक्या जोरात त्याने कशालाच मारलं नव्हतं. पहारवाला मागे फेकला गेला. पहार गडगडत खड्ड्यात पडली.

"हा माझा आहे!" घण ओरडला. दाजींच्या अंगावर दोन पाय फाकून तो उभा होता. "याला हात लावायचा नाही! माझ्या बहिणीचा नवरा आहे हा! या कोणाला यायचंय ते!"

कोणी आलं नाही, पण कोणी मागेही सरलं नाही. एक दगड आला, घणाच्या कानाला फाडून गेला. दुसरा छातीवर बसला. तो हलला नाही. मग गर्दीतून कोणीतरी विचारलं, अगदी साध्या आवाजात, "पण आपल्याला इथे आणलं कोणी?"

पहारवाला उठायची धडपड करत होता. गळा धरून खोकत होता. माणसं त्याच्याकडे बघायला लागली.

"तूच म्हणालास ना, घरटी मूठभर सोनं?"

"माझ्या पोरांना खणायला लावलंस."

"पोलीस आता आम्हाला धरतील, खुनासाठी. तुझ्या पहारीसाठी."

घणाने उजव्या हाताने दाजींचा पट्टा पकडला आणि त्यांना खांद्यावर घेतलं. रॉड घ्यायचा तसं. मागे पहिला फटका ऐकू आला, मग पहारवाल्याचं ओरडणं, मग खूप फटके एकदम. म्हातारी किंचाळत होती, "अरे, त्याला मारून दगडात सोनं येणार आहे का?" घणाला वाटलं होतं की हा आवाज ऐकून आपल्या काळजात कुठेतरी थंडावा होईल. झाला नाही. त्याने मागे वळून पाहिलं नाही. नाल्यापाशी येईपर्यंत तो आवाज बंद झाला होता.

ताई तंबूबाहेर पिठाच्या हातांनी उभी होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाच्या लोंबत्या हाताकडे. ओरडली नाही. "बाई, गाडी काढा," एवढंच आत सांगून ती धावत आली आणि दाजींचे पाय धरले. दोघांनी मिळून त्यांना जीपच्या मागच्या बाकावर घातलं.

"कोणी मारलं?"

"नाक मी फोडलं. बाकी खड्डेवाल्यांनी." मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. भाकड पिशवी, कानस, बांगड्या.

"तू होतास तिथे?"

"मीच नेलं."

"आणि तू उभा असताना यांना एवढं लागलं?"

"पहिले तीन मी लागू दिले, ताई."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. पिठाची पाच बोटं गालावर उमटली. त्याने तोंड बाजूला केलं नाही, म्हणून तिने आणखी एक दिली. बाईंनी गाडी चालू केली होती. त्या आरशातून बघत होत्या.

"बस आत," ताई म्हणाली. "यांचं डोकं मांडीवर घे. हलू देऊ नकोस, रस्ता वाईट आहे. माझ्याने आत्ता यांच्याकडे बघवायचं नाही, आणि तुझ्याकडेही."

ती पुढे बाईंच्या शेजारी जाऊन बसली. घण मागे चढला. मोडलेला हात त्याने शर्टात अडकवला आणि चांगल्या हाताने दाजींचं डोकं धरलं. ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. गाडी खडकावरून उडाली की तो पाय टेकवून सगळा हिसका स्वतःच्या अंगावर घ्यायचा. तेव्हा हातातून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दाजींचा श्वास घरघरत होता. रक्त घणाच्या पँटमधून आत झिरपत होतं, कोमट.

प्रत्येक वळणावर ताई पाठमोरीच विचारायची, "आहे का?"

घण तळहाताखालची नस चाचपायचा, ती सापडेपर्यंत स्वतःचा श्वास धरून ठेवायचा.

"आहे," तो म्हणायचा. "चालवा तुम्ही. आहे."